अकरा जणींचा आवाज

संदीपला आपल्या कोरसचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान वाटावा असंच ते काम होतं. सत्त्याण्णव साली शिर्डीतल्या निम्म्या दुकानदारांना कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीचाच कुणी चुलतभाऊ वाटायचा. त्या काळात या पुणतांब्याच्या पोरानं एका माणसाच्या आवाजाचे दहा-बारा आवाज करून दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता. वय तेवीस, नगरच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं इतकं शुद्ध की गावी गेला की बायका मुद्दाम त्याला एकच वाक्य दोनदा बोलायला लावायच्या आणि पदराआड हसायच्या.

गोरक्षनाथ शेठच्या कॅसेटच्या दुकानात तो नोकरीला होता. पुढे विक्री आणि मागे रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेली. शेठ भजनांच्या आणि आरत्यांच्या कॅसेटी काढायचे. गाणारा कुठूनही मिळायचा, पण त्याच्यामागे झील धरायला सहा माणसं आणायची म्हणजे सहा जणांचे चहा, सहा जणांचे रुसवे, आणि त्यातला एक नेमका ऐन वेळी घसा बसवून यायचा. एकदा वैतागून शेठ म्हणाले, "संदीप, तुझ्या त्या डबड्याला कोरस येतो का रे?"

शेठ गमतीनं म्हणाले होते. संदीपनं मनावर घेतलं.

युक्ती तशी सोपी होती. आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. एक प्रत किंचित मागे ठेवायची, दुसरी केसभर वर चढवायची, तिसरी केसभर उतरवायची, आणि मग सगळ्या एकावर एक ठेवून द्यायच्या. ऐकणाऱ्याला वाटतं, घोळका गातोय. घोडं अडलं होतं ते मशीनपाशी. दुकानातला कॉम्प्युटर जुना, आणि सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम एका गाण्याला अख्खी दुपार खायचा. मग संदीपनं त्यातला मुख्य भाग असेंब्लीत, म्हणजे मधे कुणी दुभाषा न ठेवता थेट प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत, एकेक ओळ करून लिहून काढला. दोन महिने तो जेवताना आकडे बोलत होता. पण शेवटी गाणं दहा मिनिटांत बाहेर पडायला लागलं. शेठनी येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे दिले, आणि झील धरणाऱ्या सहा जणांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून निरोप धाडला. त्या सहा जणांचं पुढे काय झालं हा प्रश्न संदीपला पडला नाही. कॉम्प्युटर कळणाऱ्या माणसाला असले प्रश्न उशिरा पडतात.

इकडे पुणतांब्यात, त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात, अकरा बायकांचं गाण्याचं मंडळ होतं. बारसं, लग्न, पौर्णिमा, काहीही असो, या अकरा जणी पांढरी लुगडी नेसून हजर. संदीपची आई भागिरथी त्यातलीच. गाणी रचायच्या लंकाबाई. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण नव्यानं लिहा-वाचायला शिकलेली सून सासूला माहेरची चिठ्ठी वाचून दाखवते, असं एक लांबलचक गाणं त्यांनी केलं होतं. त्यात सून चिठ्ठीतल्या काही गोष्टी सासूपासून हळूच वगळायची, आणि तिथं ऐकणाऱ्या बायका हमखास हसायच्या. पुढे गायला मंडळातल्याच बनुबाईंची नात यशोधरा, बारावीतली, गोड गळ्याची. आणि मागे या अकरा जणी ओळ उचलून धरायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या जयंतीला त्या गाण्याची कॅसेट काढायची असं विहारात ठरलं. भागिरथीचा मुलगा कॅसेटच्या दुकानात आहे म्हटल्यावर दुसरीकडे कुठं जायचा प्रश्नच नव्हता. मार्चमधल्या एका सकाळी बारा जणी टेम्पोतून शिर्डीला येऊन दुकानापुढे उतरल्या. कुणाच्या हातात भाकरीचं गाठोडं, कुणाच्या दातात मिश्रीचं बोट, आणि सगळ्यांचं बोलणं शेतात बांधावरून बोलतात त्या पट्टीत. चपला दुकानाच्या पायरीवर काढल्या, म्हणजे गिऱ्हाइकाला आत यायला वाट उरली नाही.

शेठ गल्ल्यावरून वाकून म्हणाले, "कोण रे या?"

तेव्हा संदीपनं जे उत्तर दिलं, ते पुढे कितीतरी महिने त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तो म्हणाला, "आमच्या गावच्या बायका आहेत. गाणं रेकॉर्ड करायचंय."

त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यातली एक त्याची आई होती, आणि ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. भागिरथीनं एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा शेठकडे पाहिलं, आणि पदर सावरत अगदी सहज विचारलं, "कुठं बसायचं आमी, साहेब?"

संदीपच्या कानाची पाळी तापली. त्यानं बोटानं मागची खोली दाखवली. 

आता अशा मनःस्थितीत माणसानं काम करू नये, पण त्याला ते लवकर उरकायचं होतं. बारा वाजता शेठचे एक भजनवाले बुवा यायचे होते आणि त्याआधी या बायका टेम्पोत बसलेल्या त्याला हव्या होत्या. यशोधराला त्यानं काचेमागच्या छोट्या खोलीत स्वतंत्र माइक दिला, कानाला हेडफोन लावला. अकरा जणींना बाहेर सतरंजीवर बसवून वर एक माइक टांगला. आवाज किती घ्यायचा ते ठरवायला सगळ्यांना एकदा मोठ्यानं गायला लावून बघायचं असतं. हे त्याला आपल्या नावासारखं पाठ होतं. पण त्यानं सगळ्यांना गायला लावलं नाही. पुढ्यात बसलेल्या बाईला तो म्हणाला, "तुम्ही जरा काहीतरी बोला."

पुढ्यात आईच बसली होती. ती साहेबासमोर बोलावं तसं हळू बोलली, "काय बोलू?" तेवढ्यावर त्यानं माइक लावून टाकला.

बायका गायल्या, जीव तोडून गायल्या. पहिल्या कडव्यालाच त्यांनी अशी ओळ उचलली की गल्ल्यावरचे शेठही डोकावून गेले. पावणेबाराला सगळ्या टेम्पोत बसल्या. लंकाबाईंनी संदीपच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. भागिरथीनं लांबूनच नमस्कार केला.

दुपारी त्यानं ऐकायला घेतलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. यशोधराचा आवाज स्वच्छ आला होता, पण अकरा जणींचा फाटला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती खरखर, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. हळू बोलणाऱ्या एका बाईच्या मापानं लावलेल्या माइकमध्ये अकरा जणींचा गळा कसा मावणार? टेपवर घेतलं असतं तर थोडंफार सावरता आलं असतं, कॉम्प्युटरमध्ये एकदा फाटलं की फाटलं.

बायकांना परत बोलवायला हवं होतं. पण परत बोलवायचं म्हणजे बारा जणींचा आणखी एक दिवस बुडणार, आणखी एक टेम्पो करावा लागणार, आणि माझं चुकलं असं सांगावं लागणार. ही कारणं त्यानं स्वतःला सांगितली. खरं कारण त्यानं सांगितलं नाही, ते आपण सांगू. त्याला त्या बायका पुन्हा त्या पायरीवर नको होत्या. आईनं पुन्हा एकदा साहेब म्हटलेलं त्याला ऐकवलं नसतं, आणि ती माझी आई आहे असं शेठना सांगायची छातीही त्याच्याजवळ नव्हती.

प्रोग्राम तर हाताशीच होता. सवयीमुळे यशोधरानं झिलीच्या ओळीही काचेमागे गाऊन टाकल्या होत्या. त्यानं त्या ओळी घेतल्या आणि एका पोरीच्या अकरा बायका केल्या. काहींचा आवाज जाड केला, काहींचा चिरका, काहींना मागे रेंगाळत ठेवलं. दोन दिवस खपून इतकं बेमालूम काम केलं की शेठ म्हणाले, "गावाकडच्या असून बऱ्या गायल्या रे." मग डिस्कवर जागा करायच्या निमित्तानं त्यानं ते फाटलेलं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मशीननं विचारलं, नक्की पुसू का? त्यानं होय म्हणून बटण दाबलं.

जयंतीच्या सकाळी विहारापुढच्या मांडवात कॅसेट पहिल्यांदा लागली. संदीपला जावंच लागलं. अकरा जणी कर्ण्याखाली बसल्या होत्या आणि प्रत्येक जणी आपला आवाज शोधत होती. गंमत अशी की प्रत्येकीला तो सापडला. बनुबाई म्हणाल्या, "ह्यो वरचा लागलाय त्यो माझा." दुसरी म्हणाली, "व्हय, आन् त्येच्या मागं मी." लंकाबाईंनी संदीपचं मनगट धरून त्याला खाली बसवलं, कर्ण्याकडे बोट केलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आता ऐक. आता... ह्यो बघ. ह्यो मी." त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं संदीपला वाटलं. जमीन काही दुभंगली नाही. उलट त्याला हार घातला, आणि त्यानं तो घालून घेतला.

त्या दिवसापासून त्याचं गावी जाणं कमी झालं. कामं फार आहेत, असं तो सांगायचा. गेला तरी सायकल विहाराच्या मागच्या गल्लीतून काढायचा. पण कॅसेट त्याला कुठंही गाठायची. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, स्टेशनाबाहेर उभ्या रिक्षात. लोक म्हणायचे, "संदीपशेठ, काय आवाज आणलेत बायांचे!" तो हसायचा आणि शिर्डीतल्या खोलीवर येऊन जेवायचा नाही.

नव्याण्णव साल लागलं आणि पहिल्याच आठवड्यात लंकाबाई गेल्या. दम्यानं आधीच पोखरलेल्या होत्या, थंडीनं निमित्त केलं. संदीप मातीला गेला, मान खाली घालून उभा राहिला आणि मान खाली घालून परत आला.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारच्या वेळी, लंकाबाईंचे यजमान सोपानतात्या दुकानाच्या पायरीशी दिसले. रेल्वेत गँगमन म्हणून उमर काढलेला माणूस, ताठ आणि कमी बोलणारा. चपला बाहेर काढून ते आत आले, बंडीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली आणि काउंटरवर ठेवली.

"तुज्याकडं एक काम हाय, संदीप."

"बोला ना, तात्या."

"यात अकरा बाया हायेत. त्यातल्या धा जनींचा आवाज काढून टाक, आन् एकटीचा ठिव." त्यांनी एकटीचं नाव घेतलं नाही. "म्या समद्यात तिला हुडकतो, पन मला न्हाई गावत. तिची तिला गावायची. माझे कान रुळावर गेले."

"तात्या, ते..."

"तुझी आय म्हनली, कॉम्प्युटरला समदं येतं. म्हनली, माझा संदीप करील."

इथं संदीपला सुटायला सरळ वाट होती. एकत्र घेतलेले अकरा आवाज वेगळे करणं तेव्हा शिर्डीतच काय, मुंबईतही कुणाला जमत नव्हतं. होत नाही तात्या, असं म्हटलं असतं तर ते शंभर टक्के खरं होतं, आणि तात्या निमूट निघून गेले असते. पण खऱ्याचा असा आडोसा घ्यायची त्याला लाज वाटली, आणि सगळं खरं सांगायचीही लाज वाटली. या दोन लाजांच्या मधे सापडलेला माणूस जे करतो, तेच त्यानं केलं. तो म्हणाला, "दोन दिवस द्या, तात्या."

ते दोन दिवस त्यानं लंकाबाई बनवण्यात घालवले. दुसरा शब्द नाही. यशोधराचा आवाज घेतला, खाली उतरवला, जरा खरबरीत केला, कंप घातला. कंपासाठी असेंब्लीत नवा तुकडा लिहिला आणि तो पहिल्या फटक्यात चालला, तेव्हा सवयीनं त्याला आनंदसुद्धा झाला, आणि त्या आनंदाची त्याला लगेच किळस आली. म्हातारी बाई ऐकू येऊ लागली खरी, पण ती लंकाबाई आहे का? तो डोळे मिटून त्यांचा आवाज आठवायला लागला. लहानपणापासून शेजारच्या अंगणातून ऐकलेला आवाज, पण त्यानं तो कधी कान देऊन ऐकलाच नव्हता. आठवायला गेलं की नुसती ती खरखर आठवायची, त्यानं पुसून टाकलेली.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. संदीपनं त्यांना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं, टोपी काढून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि बटण दाबलं. तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सगळं गाणं ऐकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत ऐकलं. मग हेडफोन स्वतःच्या हातांनी जपून काढला.

"चांगला हाय," ते म्हणाले. "कोनाचा हाय?"

"तात्या, काकूंचाच..."

"लंकाला गान्याची वळ पुरी व्हत न्हवती, बाळा. दम कुठं हुता तिला? वळीच्या शेवटाला ती कधीच पोचली न्हाई. आर्ध्यात थांबायची आन् बाकीच्या बाया वळ पोचवायच्या. म्हनून तर ती एकटी कधी गायची न्हाई." त्यांनी हातातला हेडफोन वर केला. "ही बाई दर वळीला पोचती."

 संदीप खाली सतरंजीवर बसला आणि त्याच्या तोंडातून सगळं बाहेर पडलं. माइक कसा लावला, आवाज कसा फाटला, कॅसेटवर एकही बाई कशी नाही, सगळ्या यशोधराच कशा आहेत, आणि आत्ता ऐकलेली तीही यशोधराच. बोलताना त्याचं शुद्ध बोलणं कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. "माझं लई चुकलं, तात्या," तो म्हणाला.

तात्यांनी हेडफोन खाली ठेवला.

"त्ये फाटलेलं कुठं हाय?"

"पुसलं."

"त्यात हुती ती?"

"व्हय."

"फाटकी का आसंना, ती हुती," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर संदीपला सोसलं असतं. "शेवटच्या दिवसापोत्तर तिनं ती टेप उशाला ठिवली. पोरं आली की म्हनायची, ऐका रं, ह्यो मी. तिला ठावं झालं न्हाई ते एक बरं झालं."

"तात्या, मी काय करू?"

"मला काय इच्यारतो?" ते उठले, टोपी घातली. पायरीवर चपला घालता घालता वळून म्हणाले, "लंका गेली. बाकीच्या धा जनी जित्या हायेत." आणि आपली कॅसेट परत न घेताच बस स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

त्या महिन्याच्या अखेरीला माघ पौर्णिमा होती, रविवारी. संदीप सकाळच्या गाडीनं पुणतांब्याला उतरला आणि मागच्या गल्लीतून न जाता सरळ विहारात गेला. वंदना संपून बायका बसलेल्या होत्या. खिरीचं पातेलं अजून चुलीवर होतं, म्हणून बोलणी चालली होती. तात्या मागे खांबाला टेकून बसले होते. त्यांनी संदीपकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. संदीप उभा राहिला. 

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि त्यानं सांगितलं. या वेळी पहिल्यापासून सांगितलं, म्हणजे शेठनी कोण रे या विचारलं तिथपासून. आईकडे बघायचं नाही असं ठरवून आला होता, पण त्या जागी आल्यावर बघितलंच. ती वातीचा कापूस वळत होती.

तो थांबल्यावर सगळ्यात आधी बनुबाई हसल्या. त्यांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. "म्हंजे समद्या माझ्या नातीच व्हय रं?" मग त्यांना त्याचा चेहरा दिसला आणि हसू तिथंच विरलं. यशोधरा उठून उभी राहिली. "दादा, मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "कॉलेजात मी मुलींना सांगितलं, मागे आमच्या आज्या गातात म्हणून." एका बाईनं राहुरीच्या नणंदेला कॅसेट पाठवून, अमुक ठिकाणी माझा आवाज नीट ऐक म्हणून निरोप दिला होता. ती आता एवढंच म्हणत राहिली, "तिला काय सांगू मी? काय सांगू आता तिला?" शरम एकट्या संदीपनं आणली होती आणि आता ती बायकांमध्ये हातोहात फिरत होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत. एकेक जणी आपण कुणाकुणाला काय काय सांगितलं ते आठवत होती आणि खाली बघत होती. आपल्याला कुणी दोन थोबाडीत मारील तर बरं, असं त्याला वाटलं, आणि तेवढी कुणाला त्याची किंमत राहिली नव्हती.

भागिरथीनं हातातली वात पुरी वळली आणि तबकात ठेवली.

"एक इच्यारू?" ती म्हणाली.

"इचार, आई."

"तिसऱ्या कडव्यात, सून चिठ्ठी मिटती तिथं, एका बाईचा सूर घसरतो. बाकीच्या वर राहत्यात आन् ती एकटी खाली पडती. ती बाई कोन?"

संदीपला लगेच आठवलं. सगळे आवाज फार जुळून येत होते, म्हणून खरं वाटावं यासाठी त्यानंच एक प्रत तिथं मुद्दाम घसरवली होती. असेंब्लीतल्या चार ओळी. त्या चार ओळींवर तो तेव्हा इतका खूश झाला होता की शेठना बोलावून ऐकवल्या होत्या.

"कुनीच न्हाई, आई," तो म्हणाला. "ते मी केलंय. मुद्दाम."

"मुद्दाम," भागिरथी म्हणाली.

बनुबाई तिच्याकडे वळल्या. "भागे, तू म्हनून गायची सोडलीस व्हय गं? लग्नात कवा बी बघावं तर चुलीपाशी. आमी म्हनलं, घसा धरलाय."

संदीप आईकडे बघत राहिला. जयंतीपासून आजपर्यंत ती एकदाही गायली नव्हती. घरात नाही, विहारात नाही. नऊ-दहा महिने एका घरातली माय गायची थांबते आणि लेकाला कळतही नाही. खोकला आहे म्हणाली होती तेव्हा त्यानं शिर्डीहून औषधाची बाटली आणून दिली होती, आणि ती बाटली तिनं गुमान संपवली होती.

"मला वाटायचं, मीच हाय ती," भागिरथी म्हणाली. "समद्यांचं चांगलं आलं आन् म्या नासवलं. तू बी कधी त्या जागंचं बोलला न्हाईस, तवा म्हनलं, पोरगं आपली लाज झाकतंय."



ती तात्या बसले होते त्या खांबाकडे बघत होती. तिचा आवाज हळू होता, पण विहारात सगळ्यांना ऐकू गेला.

"लंकाला न्हेली तवा बाया तिचं गानं गात हुत्या, वळ पोचवायला तोंड उघडलं हुतं म्या. आन् परत मिटून घेतलं. म्हनलं, आज तरी तिचं नासवू नये."